श्विंगर मॉडेल वही-पेनाने सोडवताना

क्वांटम फील्ड थिअरी शिकायला लागलं की पहिली काही वर्षं फाइनमन आकृत्यांत जातात. पहिलं पद काढायचं, दुसरं काढायचं, तिसऱ्याला हात टेकायचे. पूर्ण उत्तर कसं दिसतं हे कधी बघायलाच मिळत नाही. अवकाशाची एक मिती आणि काळाची एक, अशा दोनच मितींत काम केलं तर मात्र काही सिद्धांत संपूर्ण सुटतात, अगदी शेवटच्या ऊर्जापातळीपर्यंत. वॉल्टर थिरिंगचं १९५८ चं मॉडेल, ज्युलियन श्विंगरचं १९६२ चं, आणि १९७५ च्या सुमारास गाजलेलं साइन-गॉर्डन ही त्यातली ठळक नावं.

सुरुवात कुठून करावी? माझं मत स्पष्ट आहे: श्विंगरपासून. थिरिंग मॉडेल दिसायला सोपं, पण त्यातल्या जोडणीच्या स्थिरांकाचा अर्थ तुम्ही प्रवाहाची व्याख्या कशी करता यावर ठरतो, आणि दोन पुस्तकांतली सूत्रं जुळवता जुळवता नवशिक्या बेजार होतो. श्विंगर मॉडेलमध्ये ही भानगड नाही. वस्तुमान नसलेला इलेक्ट्रॉन घ्यायचा, तो एका रेषेवर ठेवायचा, त्याला विद्युतभार द्यायचा, आणि विचारायचं की या जगात कोणते कण दिसतात. उत्तर असं की इलेक्ट्रॉन एकही दिसत नाही. दिसतो एकच बोसॉन, त्याचं वस्तुमान विद्युतभार भागिले पायचं (π) वर्गमूळ.

बहुतेक पाठ्यपुस्तकं हे उत्तर पाथ इंटिग्रलने काढतात. तो रस्ता बरोबर आहे, पण वस्तुमान नेमकं आलं कुठून ते त्यात दिसत नाही. खालचा रस्ता डिरॅकचा समुद्र, म्हणजे ऋण ऊर्जेच्या भरलेल्या पातळ्या, नीट मोजण्याचा आहे. त्याला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची तयारी पुरते: दोलकाची क्वांटम पातळी, डिरॅक समीकरणाची तोंडओळख आणि भूमितीय श्रेणीची बेरीज.

पायरी १: आधी मिती तपासा

प्लँकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग दोन्ही १ धरा. दोन मितींत लॅग्रांजियनची मिती वस्तुमानाचा वर्ग. त्यावरून गेज विभव (विद्युतक्षेत्र ज्यातून येतं तो) मितीहीन ठरतो, फर्मिऑन (इथे इलेक्ट्रॉन) क्षेत्राची मिती वस्तुमानाचा अर्धा घात, आणि विद्युतभाराची मिती थेट वस्तुमानाची. आपल्या चार मितींच्या जगात विद्युतभार निव्वळ आकडा असतो. इथे तो स्वतःच एक मोजपट्टी आहे.

याचा फायदा लगेच मिळतो. इलेक्ट्रॉनला वस्तुमान नाही, म्हणजे मॉडेलमध्ये दुसरी मोजपट्टीच नाही. कुठलंही वस्तुमान निघालं तर ते 'आकडा गुणिले विद्युतभार' याच रूपात निघणार. पुढची सगळी मेहनत तेवढ्या एका आकड्यासाठी आहे.

आणखी एक गोष्ट याच पायरीवर मनात बसवून घ्या. एका रेषेवर चुंबकीय क्षेत्र नसतं आणि आडव्या लहरींना जागाच नसते, त्यामुळे प्रकाशलहर नाही. फक्त विद्युतक्षेत्र आहे, तेही गॉसच्या नियमाने बांधलेलं. दोन भारांमधलं क्षेत्र अंतराने कमी होत नाही, म्हणून त्यांच्यातली ऊर्जा अंतराच्या प्रमाणात वाढत जाते.

पायरी २: रेषेचं वर्तुळ करा

अनंत रेषेवर पातळ्या सलग असतात आणि मोजताना घोळ होतो. म्हणून ल परिघाचं वर्तुळ घ्या. आता संवेग फक्त (२ पाय ÷ ल) च्या पूर्णांकी पटीत येतात.

गेज विभवाचं काय उरतं? वर्तुळावर जागोजाग बदलणारा भाग गेज बदलाने पुसता येतो. सगळीकडे सारखा असलेला भाग उरतो. त्याला आ म्हणू. तो पुसता येत नाही, कारण वर्तुळाला एक फेरी मारल्यावर तरंगाला मिळणारी कला (फेज) त्याच्यावर अवलंबून असते. सोयीसाठी एक मितीहीन राशी घेऊ:

स = भ × आ × ल ÷ (२ पाय)

इथे भ म्हणजे विद्युतभार. स एकाने वाढला तर फेरीची कला पूर्ण एक आवर्तन घेते, म्हणजे स आणि स + १ ही भौतिक दृष्ट्या एकच अवस्था. हे वाक्य वहीत चौकटीत लिहून ठेवा, पाचव्या पायरीला लागेल.

पायरी ३: पातळ्यांची शिडी काढा

वस्तुमान नसलेला इलेक्ट्रॉन एका रेषेवर दोनच प्रकारचा: उजवीकडे धावणारा आणि डावीकडे धावणारा. दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. क हा कोणताही पूर्णांक घेतला तर त्यांच्या ऊर्जा अशा:

उजवा: (२ पाय ÷ ल) × (क + स)
डावा: −(२ पाय ÷ ल) × (क + स)

कागदावर दोन शिड्या शेजारी शेजारी काढाच, डोक्यात ठेवू नका. उजव्या शिडीत न क्रमांकापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या भरलेल्या दाखवा. डाव्या शिडीत न + १ आणि त्यावरच्या क्रमांकाच्या, म्हणजे ऊर्जेने खालच्या, सगळ्या भरा. एकूण भार शून्य राहण्यासाठी हीच मांडणी लागते, आणि ती का हे पुढच्या पायरीत आपोआप पडताळून मिळेल.

आता स हळूहळू शून्यापासून एकपर्यंत वाढवा. उजवी शिडी अख्खी एक पायरी वर सरकते, डावी एक पायरी खाली. भरलेल्या पातळ्यांचे क्रमांक बदलत नाहीत, फक्त त्यांच्या ऊर्जा बदलतात. शेवटी शिड्या पुन्हा पहिल्यासारख्या दिसतात, पण उजवीकडे एक कण जास्त भरलेला आणि डावीकडे एक कमी. एकूण भार तोच, मात्र 'उजवे वजा डावे' हा आकडा दोनने वाढला. क्लासिकल, म्हणजे क्वांटम नसलेल्या, सिद्धांतात हा आकडा अक्षय असतो. इथे विद्युतक्षेत्र लावलं की तो बदलतो. यालाच अक्षीय विसंगती म्हणतात, आणि ती दोन शिड्यांच्या चित्रात इतकी उघडी दिसते की त्रिकोणी फाइनमन आकृतीची आठवण काढायची गरज पडत नाही.

पायरी ४: अनंत समुद्र मोजा

खरं काम इथे आहे, घाई करू नका. भरलेल्या पातळ्या अनंत, त्यांची बेरीजही अनंत. म्हणून प्रत्येक पातळीला तिच्या ऊर्जेनुसार घातांकी वजन द्यायचं: जितकी खोल पातळी, तितकं कमी वजन. वजनाचा दर य धरा आणि शेवटी य शून्याकडे न्या. वजन संवेगावरून न देता ऊर्जेवरूनच द्यायचं. ऊर्जेत स आहे, त्यामुळे मोजणी गेज बदलाशी इमान राखते. संवेगाच्या ठरावीक क्रमांकावर कापलंत तर विसंगती हातातून निसटते आणि वस्तुमान शून्य येतं. विद्यार्थ्यांच्या वह्यांत सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच.

उजव्या शिडीची बेरीज ही साधी भूमितीय श्रेणी आहे. तिचा विस्तार केला की मिळतं:

१/य + (न + स + १/२) + य सोबत शून्याकडे जाणारी पदं

डाव्या शिडीची तशीच बेरीज:

१/य − (न + स + १/२) + शून्याकडे जाणारी पदं

१/य हे पद निर्वाताचं, स वर अवलंबून नसलेलं. ते वजा करा. उरलेल्या दोघांची बेरीज शून्य, म्हणजे भार शून्य. तिसऱ्या पायरीतली मांडणी बरोबर होती. वजाबाकी मात्र २(न + स + १/२). अक्षीय भार पूर्णांक राहिला नाही, तो स सोबत सलग सरकतो आहे.

आता त्याच श्रेणीचं य ने अवकलन करा, म्हणजे ऊर्जा मिळेल. त्यासाठी विस्तारातलं पुढचं पदही लागतं, म्हणून १/य, १/२ आणि य/१२ ही तिन्ही पदं घ्या. १२ ला विसरू नका. दोन्ही शिड्या मिळून समुद्राची ऊर्जा:

(२ पाय ÷ ल) × [(न + स + १/२)² − १/१२]

पडताळणीची एक सोय इथेच आहे. आतला गोल कंस शून्य असेल तेव्हा उरते −पाय ÷ (६ ल). वर्तुळावरच्या वस्तुमानरहित मुक्त बोसॉनची कॅसिमिर ऊर्जाही नेमकी एवढीच. फर्मिऑनच्या मोजणीतून बोसॉनचा आकडा निघाला, हा योगायोग नव्हे; सहाव्या पायरीत उलगडेल. तुमच्या वहीत १/१२ च्या जागी दुसरं काही आलं असेल तर पुढे जाण्याआधी मागे फिरा.

पायरी ५: दोलक ओळखा

विद्युतक्षेत्र म्हणजे आ च्या बदलाचा दर, चिन्ह सोडून. वर्तुळभर त्याची ऊर्जा १/२ × ल × (आ चा दर)². म्हणजे आ हा ल एवढं 'वस्तुमान' असलेल्या कणासारखा. त्याची स्थितिज ऊर्जा आपण नुकतीच काढली. स च्या जागी त्याची व्याख्या घाला:

(२ पाय ÷ ल) × (भ ल ÷ २ पाय)² × (आ − मध्यबिंदू)² = (भ² ल ÷ २ पाय) × (आ − मध्यबिंदू)²

हा सरळ सरळ दोलक आहे. १/२ × ल × वारंवारतेचा वर्ग = भ² ल ÷ २ पाय. दोन्हीकडचा ल कटतो आणि

वारंवारतेचा वर्ग = भ² ÷ पाय

वर्तुळ केवढंही घ्या, वारंवारता तीच. म्हणून ती संवेग शून्य असलेल्या कणाची ऊर्जा, अर्थात वस्तुमान, आहे: सुमारे ०.५६४ भ.

आपण आ हळू बदलतो असं गृहीत धरलं का, अशी शंका इथे अनेकांना येते. नाही. पातळ्यांचे तरंग आ वर अवलंबूनच नाहीत, फक्त ऊर्जा आहेत. म्हणून न कायम राहतो आणि वरचा हिशेब तंतोतंत आहे.

चौकटीतलं वाक्य आता काढा. स एकाने वाढवा आणि न एकाने कमी करा, अवस्था तीच. म्हणजे प्रत्येक न साठी एक, अशा अनंत पॅराबोला ओळीने उभ्या आहेत, आणि त्या सगळ्यांवर पसरलेली तरंगफलं घ्यावी लागतात. एका पॅराबोलातून शेजारच्या पॅराबोलात जाताना तरंगफलाला जी ठरावीक कला मिळते ती थीटा. चार मितींच्या क्वांटम क्रोमोडायनॅमिक्समधला (क्वार्कांच्या सिद्धांतातला) थीटा हा याचाच मोठा भाऊ, फक्त तिथे तो असा वहीत काढून दाखवता येत नाही.

पायरी ६: उरलेले संवेग

आतापर्यंत शून्य संवेग झाला. बाकीच्यांसाठी घनतेच्या लहरी घ्या. एका रेषेवर कण एकमेकांना वळसा घालू शकत नाहीत. चाळीच्या अरुंद बोळातल्या गर्दीसारखं, एक सरकला की सगळ्यांना सरकावं लागतं. त्यामुळे एकेकट्या इलेक्ट्रॉनपेक्षा घनतेची लहर हीच मूळ वस्तू धरणं सोयीचं.

बीजगणितात लागतो तो एकच आकडा. उजव्या शिडीतल्या कणांना 'प' एवढा संवेग देणारी घनता-क्रिया घ्या. समुद्राच्या खोल तळातला कण वर ढकलला तर वरची जागा आधीच भरलेली, पाउलीच्या नियमाने दार बंद. फक्त सगळ्यात वरच्या प × ल ÷ २ पाय एवढ्या पायऱ्यांवरच्या कणांना रिकामी जागा सापडते. घनता-क्रिया आणि तिची उलट क्रिया यांचा कम्यूटेटर बरोबर हीच संख्या. तो दोलकाचाच कम्यूटेटर आहे, फक्त मापं बदलून. म्हणून उजव्या-डाव्या घनता मिळून एक बोसॉन क्षेत्र बनतं, फाय, आणि

घनता = फायचा उतार ÷ √पाय

गॉसचा नियम सांगतो की विद्युतक्षेत्राचा उतार = भ × घनता. दोन्हीकडचा उतार काढून टाका: विद्युतक्षेत्र = भ × फाय ÷ √पाय. त्याची ऊर्जाघनता १/२ × (भ² ÷ पाय) × फाय². हे क्षेत्राचं वस्तुमानाचं पद आहे, दुसरं काही नाही. प्रत्येक संवेगासाठी ऊर्जेचा वर्ग = प² + भ² ÷ पाय. पाचव्या पायरीशी जुळलं. परस्परक्रिया असलेला सिद्धांत मुक्त बोसॉन होऊन बसला.

पायरी ७: उत्तराचा अर्थ लावा

बाहेरून दोन विरुद्ध भार, प्रत्येकी क्यू एवढे, आणून ठेवा आणि फायचं समीकरण सोडवा. बोसॉनचं वस्तुमान व धरलं तर त्यांच्यातली ऊर्जा (क्यू² ÷ २व) × (१ − घातांकी(−व × अंतर)). अंतर लहान असताना पहिल्या पायरीतली सरळ रेषेतली वाढ दिसते. सुमारे १.७७ ÷ भ एवढ्या अंतरापलीकडे ती सपाट होते. निर्वातातून जोड्या निघून भार झाकतात, तोही क्यू पूर्णांकी पटीत नसला तरी.

श्विंगरला दाखवायचं होतं ते एवढंच की गेज सममिती न मोडताही गेज कणाला वस्तुमान येऊ शकतं. हा धागा फिलिप अँडरसनने १९६३ मध्ये उचलला आणि अतिवाहकांतल्या प्लाझ्मॉनशी, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित लहरींशी, जोडला. पुढच्या वर्षी हिग्जचे लेख आले.

पायरी ८: मॉडेल थोडं बिघडवा

इलेक्ट्रॉनला वस्तुमान दिलं की बोसॉनच्या भाषेत कोसाइन(२√पाय × फाय) असं पद येतं आणि तंतोतंत उत्तर संपतं. पण चित्र साफ राहतं. वस्तुमानरहित मॉडेलमध्ये कंडेन्सेटची (निर्वातात इलेक्ट्रॉन-प्रतिइलेक्ट्रॉन जोड्या किती साठल्यात ते मोजणाऱ्या राशीची) किंमत, थीटा शून्य असताना, सुमारे −०.१६ भ, लहान वस्तुमानासाठी तिथून पुढे पेर्टर्बेशनने जाता येतं. सिडनी कोलमनने १९७६ मध्ये दाखवलं की थीटा म्हणजे पार्श्वभूमीचं विद्युतक्षेत्र, भ या एककात थीटा ÷ २ पाय एवढं. आता अपूर्णांकी बाहेरचे भार पूर्ण झाकले जात नाहीत, त्यांच्यात पुन्हा सरळ वाढणारी ऊर्जा येते. पूर्णांकी भार झाकलेच जातात.

विद्युतक्षेत्र काढून प्रवाहाचा वर्ग घातला तर थिरिंग. बोसॉनच्या भाषेत तो वर्ग फायच्या उतारांचाच वर्ग, म्हणून फक्त फायचं माप बदलतं. वस्तुमान असलेलं थिरिंग म्हणजे साइन-गॉर्डन, हे कोलमनने १९७५ मध्ये दाखवलं: ४ पाय ÷ बीटा² = १ + ग ÷ पाय, इथे बीटा हा साइन-गॉर्डनच्या कोसाइनमधला फायचा गुणक आणि ग हा थिरिंगमधला जोडणीचा स्थिरांक. बीटा² = ४ पाय असेल तर मुक्त फर्मिऑन, ८ पायच्या वर ऊर्जेला तळच नाही. त्याच वर्षी मँडेलस्टॅमने फर्मिऑन हा बोसॉनपासून कसा विणायचा ते लिहून दिलं. इथून पुढे विखुरणीचे गुणांक थेट लिहिणारी झामोलोद्चिकोव्ह बंधूंची १९७९ ची पद्धत लागते. ते वेगळ्या लेखाचं काम. गेज सिद्धांताच्या बाजूने जायचं असेल तर ग्रॉस, विटन आणि वाडिया यांचं १९८० चं दोन मितींतलं जाळीवरचं मॉडेल बघा. त्यातले स्पेंटा वाडिया पुढे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आले.

पायरी ९: लॅपटॉपवर पडताळा

कोगट-ससकिंड जाळी घ्या, म्हणजे रेषेच्या जागी ठरावीक अंतरावरचे बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे, टोकं मोकळी ठेवा, आणि गॉसच्या नियमाने विद्युतक्षेत्र काढून टाका. उरते स्पिनची साखळी. हॅमिल्टोनियनमध्ये तीन पदं: शेजारच्या विरुद्ध स्पिनची अदलाबदल, गुणक क्ष, एकाआड एक चिन्हाचं वस्तुमान पद, गुणक म्यू ÷ २ (म्यू म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचं जाळीवरचं मितीहीन रूप), आणि प्रत्येक दुव्यावरच्या क्षेत्राचा वर्ग. दुव्यावरचं क्षेत्र म्हणजे त्याच्या डावीकडच्या सगळ्या बिंदूंवरच्या भारांची बेरीज. सम बिंदूवर भार ० किंवा १, विषम बिंदूवर ० किंवा −१. क्ष = १ ÷ (भ × जाळीचं अंतर)². मिळालेल्या ऊर्जाफरकाला २√क्ष ने भागलं की तो भ च्या एककात येतो.

बारा बिंदू आणि एकूण भार शून्य घेतला तर अवस्था ९२४, म्हणजे मॅट्रिक्स कुठल्याही यंत्रावर क्षणात सुटते. आधी क्ष = ० आणि म्यू = ० ठेवून चालवा. तळाला ऊर्जा ० ची एकच अवस्था आणि त्यावर ऊर्जा १ च्या बरोबर ११ अवस्था आल्या पाहिजेत, दर दुव्याला एक. दहा किंवा बारा आल्या तर दुव्यांची बेरीज एका घराने चुकली आहे.

मग क्ष = ४ करा. पेटीची लांबी भ च्या एककात १२ ÷ २ = ६. टोकांना क्षेत्र शून्य असल्यामुळे बोसॉनला निदान पाय ÷ ६ एवढा संवेग घ्यावाच लागतो, म्हणून निरंतर सिद्धांताचा अंदाज ०.५६ नसून ०.७७ च्या आसपास, वर जाळीची चूक. ०.५६४ हवं असेल तर आधी क्ष कायम ठेवून साखळी लांबवा, नंतरच क्ष वाढवा. क्रम उलटा केला तर आकडे भरकटतात. म्यू = ० च्या ऐवजी −१/४ घेतलं तर वस्तुमानरहित टोकाकडे बरंच लवकर पोचता येतं. २०२२ मध्ये डेम्प्सी, क्लेबानोव्ह, पुफू आणि झान यांनी जाळीची उरलेली सममिती बघून ही दुरुस्ती काढली.

याच स्पिन साखळीवर इन्सब्रुकच्या गटाने २०१६ मध्ये चार कॅल्शियम आयन घेऊन जोड्या निर्माण होताना मोजल्या. तुमच्याकडे आयन नसले तरी मॅट्रिक्स प्रॉडक्ट स्टेट्सचं (लांब स्पिन साखळ्या सोडवण्याच्या पद्धतीचं) एखादं पॅकेज असेलच. प्रत्येक दुव्याच्या क्षेत्रात १/२ मिळवा, म्हणजे थीटा पाय एवढा होतो, आणि वस्तुमान वाढवत न्या. बारा बिंदूंत हे दिसणार नाही, शेकड्याने लागतील. पण वस्तुमान ÷ भ ०.३३ च्या जवळ गेलं की ऊर्जेतलं अंतर मिटू लागतं आणि साखळी द्विमितीय आयसिंगच्या (चुंबकाच्या साध्या मॉडेलच्या) संक्रमणबिंदूसारखी वागायला लागते.